चुकीच्या विभागातले व्याही

विभाग : नवीन सदस्यांनी इथून सुरुवात करावी

"उद्या व्याही येताहेत. एकटेच," बायको म्हणाली. "लेक-जावई कामं आटपून मागाहून येतील. तोवर तुम्ही बोलत बसा त्यांच्याशी."

गोदामप्रमुखाच्या हातातला माउस थांबला. "मी? कुठल्या भाषेत?"

"त्यांच्याच! दुसरी येते कुठे त्यांना? इतकी वर्षं ताट गार होईस्तोवर त्या कॉम्प्युटरपुढे बसून काय करताय मग?"

प्रश्न रास्त होता. गोदामप्रमुखालाही तो अधूनमधून पडायचा, पण त्याच्यासाठी विभाग नसल्यामुळे तसाच राहून जायचा.

लेकीचं लग्न परभाषेतल्या मुलाशी ठरलं, तेव्हा ती भाषा शिकायची म्हणून तो एका ऑनलाइन मंचावर गेला होता. तिथे शिकणारी माणसं सगळं एकाच पानावर विचारत होती : उच्चार, क्रियापदं, सासूला शुभेच्छा, घरमालकाची तक्रार. आणि गंमत म्हणजे त्यांना उत्तरंही मिळत होती. गोदामप्रमुखाला ते बघवेना. औषधांच्या गोदामात हयात गेलेला माणूस. खोकल्याची बाटली तापाच्या रॅकवर दिसली तर यालाच ताप चढायचा. "आधी रॅक लावू, मग शिकू," तो स्वतःला म्हणाला.

रॅक अजून लागत होते. 'उच्चार' विभागात त्याने स्वर आणि व्यंजनं वेगळी केली, व्यंजनांत ओठांची आणि घशाची वेगळी केली, आणि घशाच्यांत 'सर्दी झालेली असताना' असा उपविभाग काढला. मंचाने खूश होऊन त्याला मुख्य संचालक केलं. कुठला प्रश्न कुठे ठेवायचा हे तो डोळे मिटून सांगे. उत्तर काय, हे डोळे उघडूनही कळत नसे.

"आणि ते मोबाईलवरचं भाषांतर नको हं," बायको जाता जाता म्हणाली. "लेकीने सांगितलंय त्यांना, बाबा मंचाचे मुख्य आहेत म्हणून. तिची मान खाली नको जायला."

विभाग : तातडीचे प्रश्न (बंद)

हा विभाग त्यानेच बंद केला होता. सगळ्यांनाच घाई असते, म्हणून.

मुख्य संचालकाने 'या, बसा' कसं म्हणायचं हे विचारणं म्हणजे पोहण्याच्या मास्तरने काठावरच्या पोरांकडे मदतीचा हात मागण्यासारखं. म्हणून त्याने 'नवखा' या नावाने नवीन खातं उघडलं आणि लिहिलं, "व्याही येणार आहेत. 'या, बसा, चहा घेणार का' कसं म्हणायचं? कृपया लवकर सांगा."

उत्तर लगेच आलं. उत्तर देणारा होता उपसंचालक 'काटेकोर'. गोदामप्रमुखानेच त्याला शिस्तीसाठी नेमलं होतं.

"नवखा, एका प्रश्नात एकच विषय. तुमचा प्रश्न फोडून 'या' प्रवास विभागात, 'बसा' फर्निचर विभागात आणि 'चहा' खाणेपिणे विभागात हलवला आहे. तिन्हीकडे मंजुरीनंतर दिसेल."

"अहो, पण व्याही एकच आहेत!" नवख्याने लिहिलं.

"व्याह्यांसाठी 'नातेसंबंध' पाहा. हुज्जतीबद्दल पहिली ताकीद."

"माणूस दारात येईल, तुम्ही फर्निचर कसलं बघताय?"

"दुसरी. यानंतर सदस्यत्व रद्द."

"कुठल्या गाढवाने केलेत हे नियम?"

या प्रश्नाचं उत्तर गोदामप्रमुखाला ठाऊक होतं. काटेकोरलाही ठाऊक होतं, आणि मुख्य संचालकांचा अपमान त्याला सहन झाला नाही. नवखा रद्द झाला.

मग गोदामप्रमुख संचालक म्हणून आत शिरला आणि नवख्याला परत घ्यायला निघाला. काटेकोर जागाच होता. "सर, सावध! त्या नवख्याच्याच कॉम्प्युटरवरून कोणीतरी तुमच्या नावाने आलंय. तुमचं खातं सुरक्षेसाठी गोठवतो. काळजी नसावी."

पडद्यावर कुलूप उमटलं. गोदामप्रमुखाने दोनदा पासवर्ड टाकून पाहिला. राग आला होता, पण लपवण्यात अर्थ नाही, थोडा अभिमानही वाटला. माणूस नेमावा तर असा.

विभाग : संभाषण (प्रत्यक्ष)

व्याही म्हणजे निवृत्त बोटचालक. दार भरेल एवढे. आत येताच त्यांनी काहीतरी विचारलं. गोदामप्रमुखाने जोरात मान हलवली. व्याह्यांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, सोफ्यावर बसले, आणि बोलू लागले.

बोलता बोलता त्यांनी हातांनी लाटा केल्या, एक बोट बुडवली, कुणाला तरी हाक मारली, रुमाल काढून डोळे पुसले. गोदामप्रमुख एकेका उसाशाला "अं", "अरेरे", "हंऽऽ" देत गेला.

बायको चहा घेऊन आली. "काय म्हणताहेत?"

"जुन्या आठवणी."

"मग रडताहेत का?"

"चांगल्या आहेत."

"आणि ते 'अरेरे' त्यांच्या भाषेतलं का हो?"

"सगळ्याच भाषांतलं आहे ते. तू बिस्किटं आण."

तेवढ्यात व्याह्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात काही विचारलं. ते थांबले. त्याच्याकडे बघत राहिले. मान हलवण्यापलीकडे गोदामप्रमुखाच्या गोदामात काही शिल्लक नव्हतं. त्याने ती हलवली. शंका राहू नये म्हणून पुन्हा हलवली. व्याह्यांनी त्याला मिठी मारली, दाराबाहेर गेले आणि एक प्रचंड सुटकेस ओढत आत आले.

"हे काय?" बायको म्हणाली.

"भेटवस्तू असतील," तो म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते पटलं नाही.

विभाग : इतर

लेक आली ती सुटकेसला अडखळूनच, मागोमाग जावई. सासऱ्यांशी दोन वाक्यं बोलून ती वळली. "बाबा, तुम्ही यांना महिनाभर राहा म्हणालात? तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत?"

बायकोच्या हातातली बिस्किटांची बशी टेबलावर आदळली. गोदामप्रमुखाने जावयाकडे पाहिलं, व्याह्यांच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं, लेकीच्या वर उचललेल्या भुवयांकडे पाहिलं.

"मी काहीच म्हणालो नाही गं," तो म्हणाला. "मला ती भाषा येत नाही. एक शब्दसुद्धा नाही. मी नुसते रॅक लावले. सांग त्यांना, आणि माफी माग माझ्या वतीने."

लेकीची मान खरंच खाली गेली. तिने खालमानेनेच सांगितलं. व्याही ऐकत होते. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की बशीतली बिस्किटं हलली.

"ते म्हणताहेत, पहिल्या मिनिटालाच कळलं," लेक म्हणाली. आता तिलाही हसू आवरत नव्हतं. "त्यांनी चपला कुठे काढू विचारलं, तर तुम्ही 'हो हो' केलंत."

"मग एवढं बोलले कशाला?"

लेकीने विचारलं. व्याह्यांनी आधी रुमाल खिशात घातला, मग उत्तर दिलं.

"म्हणताहेत, घरी त्यांना कोणी बोलू देत नाही. सासूबाई दुसऱ्या वाक्याला थांबवतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी बोटीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. म्हणून राहायचंय. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल म्हणाले."

आपलंही काही सांगावं, निदान एकदा, असं गोदामप्रमुखाला वाटलं. तो पुढे सरकला. "हे बघ, त्यांना सांग की माझं पण—"

"तुम्ही थांबा हो," बायको म्हणाली. "मला आधी खोली आवरू दे."

लेकीने त्या वाक्याचं भाषांतर केलं नाही. व्याह्यांनी ते मागितलंही नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं, गोदामप्रमुखाकडे पाहिलं, आणि सरकून सोफ्यावर त्याच्यासाठी जागा केली.