नामदेवभाऊंची डाळभाजी

लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून डाळभाजीत डाळ किती, पालक किती, असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला: आमचे शेजारी नामदेवभाऊ.

"काका, जेवून राहिले का परीक्षा घेऊन राहिले?" वाढपी वैतागला.

"पातळ झाली गा. प्रोटीन पाण्यात पोहून राहिलं."

तूरडाळ, हरभराडाळ, पालक, शेंगदाणे. याबाहेर शरीराला काही लागत नाही, हे ते लिफ्टमध्ये सांगत, तेरवीतही सांगत. कुणाला सर्दी झाली, डाळभाजी. कुणाची पोर दहावीत नापास झाली, डाळभाजी. माझ्या फ्रिजवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता असतो. त्यातली मंगळवारची साबुदाणा खिचडी त्यांनी सरळ पेनने खोडली.

"ताई, याच्यानं नुसतं पोट भरते."

त्यांच्या पत्नी, सुमनताई, हसायच्या. "माह्याशी नाही, डाळीशी लग्न केलं यायनं."

मग सुमनताईंचे पाय सुजू लागले. जिना चढताना दम लागायचा. अशक्तपणा आहे, असं भाऊंनीच ठरवलं आणि समोर बसून वाटीमागून वाटी भरवली. डॉक्टरांना दाखवा, असं मी बजावलं.

"डॉक्टर गोळ्या देते, ताई. ताकद डाळ देते."

नको नको म्हणत सुमनताई खात राहिल्या. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. डाळ, पालक, शेंगदाणे बंद. मीठही नावालाच. "फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून भाऊंनी कुणालाही काही खायला सांगितलेलं नाही. सोसायटीतले लोक म्हणतात, बरं झालं, शांतता आहे.

परवा मी औषधं द्यायला गेले. सुमनताईंपुढे फिका दुधीभात होता.

"एक चमचा डाळभाजी द्या नं."

"नाही," भाऊ म्हणाले.

"नको म्हणत होती तवा भरवली. आता मागून राहिली, तर देत नाही."

भाऊ उठून स्वयंपाकघरात गेले. तेल तडतडलं, लसणाचा वास आला. नुसती फोडणी असलेली छोटी कढली घेऊन ते पलंगाजवळ आले आणि ती त्यांनी बायकोच्या नाकाशी धरली.

"घे वं. वासानं काही होत नाही."

सुमनताईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या.

"उद्या बरोबर टाकतो," भाऊ म्हणाले.