आप्पांची उसनी माणसं

साखर, विरजण, फार तर शिडी. खासबागेतल्या आमच्या गल्लीत एवढंच उसनं मागायची रीत आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे मारुती आप्पा मात्र माणसं उसनी मागायचे.

बायको गेल्यावर बेंगळूरच्या मुलानं त्यांना घर विकून आपल्याकडे यायला सांगितलं. एजंट गिऱ्हाइकं आणू लागला. अशा वेळी शहाणा माणूस रंग काढील, गळका नळ बदलील, माळ्यावरचा पसारा उपसून टाकील. आप्पांनी यातलं काहीही केलं नाही. संडासाचं दार शेवटपर्यंत सुतळीनंच बांधावं लागायचं. त्यांचं म्हणणं एकच, "घराला वावर दिसाय पायजे रं! रिकामं घर कोन घेतंय?"

आणि हे म्हणणारा माणूस कोण? तर ज्यानं जन्मात स्वतःच्या दारात कुणाचा वावर होऊ दिला नाही तो. अंगणात पडलेला चेंडू त्यांच्याकडून परत मिळाल्याचं गल्लीत कुणालाच आठवत नाही. गणपतीची वर्गणी मागायला गेलं, की हे स्वतःच खिडकीत येऊन सांगायचे, "घरात कोन न्हाय." असा हा गृहस्थ रविवारी सकाळी आमच्या दारात उभा राहून हुकूम सोडायचा, "चल. इस्त्रीचा शर्ट घाल. तू माझा धाकला भाऊ."

मी बँकेत अधिकारी आहे. माझ्या सहीला थोडीफार किंमत आहे. पण आप्पांकडे मी नुसता धाकटा भाऊ, आणि तोही मुका. "पेपर वाचत बस. तोंड उघडू नगंस. तू बोललास की भाडेकरू वाटतोस." माझ्या बायकोची नेमणूक स्वयंपाकघरात, फोडणी घालायला. फोडणी कशाची याला महत्त्व नव्हतं, वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला पाहिजे. ज्या पोरांचे चेंडू गिळून बसले होते, त्यांनाच अंगणात बोलावून सांगायचे, "खेळा रं! जरा मोठ्यानं वरडा!" चेंडू मात्र पोरांनी घरून आणायचा.

गिऱ्हाईक कानडी असलं की आप्पा "बर्री, बर्री" करत, म्हणजे या, या म्हणत, फाटकापर्यंत जायचे. निपाणीकडचं असलं की आधी तंबाखूची चौकशी. मग घर राहायचं बाजूला आणि आमचंच प्रदर्शन सुरू व्हायचं. "ह्यो भाऊ. ही भावजय. आमच्यात अजून समद्यांचं एकाच चुलीवर शिजतंय बघा." लोक बिचारे छताची ओल बघायला मान वर करायचे, आणि आप्पा त्यांना माझं पेपर वाचणं दाखवायचे.

एकदा कोगनोळीहून एक जोडपं आलं. त्यातल्या बाईंनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी पिरनवाडीच्या पाटील मास्तरांचं थोरलं न्हवं? तुमच्या लग्नाला आलतो की आमी!"

मी पेपरात तोंड खुपसलं. आप्पांची पापणीसुद्धा लवली नाही. "व्हय, तिथलाच," ते म्हणाले. "आमच्यात दत्तक आलाय."

मी पन्नाशीचा आहे. ते जोडपं चहा अर्धा टाकून गेलं. मी बायकोला बजावलं, पुन्हा या तमाशात मी नाही.

पुढच्या रविवारी आप्पा पुन्हा दारात. "आजचं गिऱ्हाईक पक्कं हाय. शेवटचंच. दुपारी येनार. समदी या." बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी शर्टाला इस्त्री केली.

गेलो, तर आप्पांनी स्वतः पातेलंभर मसालेभात केलेला. खाली लागलेला, पण केलेला. गिऱ्हाईक काही येईना. आप्पांना त्याची फिकीर दिसेना. ते पोरांशी कॅरम खेळले, हरले, आणि चक्क हसले. माझ्या बायकोला म्हणाले, "तू बस गं पोरी. आज फोडणी नगं." मलाही आज बोलायची परवानगी होती.

माझं डोकं मात्र तापत चाललं होतं. आठवड्याची एक सुट्टी, तीही या म्हाताऱ्याच्या पायी फुकट. शेवटी फाटकाबाहेर जाऊन मी एजंटला फोन लावला.

"कसलं गिऱ्हाईक?" तो म्हणाला. "घर तर गेलं की! आप्पांच्या पोरानं बेंगळूरहूनच सौदा ठरवला. उद्या सकाळी गाडी घेऊन येतोय आप्पांना न्यायला. तुमाला न्हाय सांगितलं व्हय?"

मी तणतणत आत आलो. सगळ्यांसमोर विचारायचंच, असं ठरवून. आप्पा पंक्तीत वाढत होते. खरपुडी स्वतःच्या ताटात काढून घेत होते, वरचा मऊ भात पोरांना देत होते. माझ्या हातातला फोन त्यांना दिसला आणि त्यांचा डाव हवेतच थांबला.

"काय म्हनला एजंट?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"निघाल्यात म्हनला," मी म्हणालो. "पण उशीर लागंल."

आप्पांनी माझ्यासाठी ताट मांडलं, भात वाढला.

"लागू दे," ते म्हणाले. "उशीर लागू दे."