टॅब्लेटवाल्या ढोके मॅडम

ढोके मॅडम टॅब्लेटशी बोलतात. नुसतं बोलत नाहीत, त्याची समजूत घालतात. शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं की साऱ्या हॉलदेखत आधी पदरानं त्याची काच पुसतात आणि म्हणतात, "हं, आता नीट वाग बाप्पा. पाहुणे पाहून राहिले." मग बोट ठेवतात. टॅब्लेटवरचं सगळं प्रोजेक्टरमुळे मागच्या भिंतीवर मोठं होऊन उमटतं, आणि हॉलभर शिक्षक खुर्चीत पुढे सरकतात.

माझ्या तासाला ते मागे सरकतात.

मी सौंसरचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला माणूस. मॅडम पांढुर्ण्याच्या, प्राथमिक शाळेत उभा जन्म गेलेल्या, आता रिटायर व्हायला आलेल्या. नोकरी लागली तेव्हा शाळेत विजेचा दिवाही नव्हता, असं त्याच सांगतात. तरी शिक्षकांना टॅब्लेट शिकवायला आम्हा दोघांना एकाच पायरीवर नेमलं. दोघंही मास्टर ट्रेनर! माझी तयारी अशी, की कुठलं बटण दाबायचं तिथं भिंतीवर लाल बाण येतो. मॅडमची तयारी म्हणजे पिशवीत घरच्या झाडाची संत्री.

"फोल्डर म्हणजे काय जी?" एखादे गुरुजी विचारतात.

मी व्याख्या सांगतो. मॅडम म्हणतात, "डब्यात डबा. मोठ्यात लहान ठेवला का नाही जागा होत?" झालं. सगळ्यांना समजतं. माइक बंद राहिला तर म्हणतात, "तोंडावरचा हात काढा ना!" डिलीट झालेली फाईल परत आणायची तर, "उकिरड्यावर गेली, जळाली नाही. उचलून आणा, झटका, ठेवून द्या." आणि कोणी दणादण बोटं आपटू लागलं की, "हळू जी! घाई कोणाले आहे? भाकर नाही थापून राहिले तुम्ही."

चहा आला की पहिला कप मॅडमकडे जातो. माझा येतो तेव्हा त्यावर साय आलेली असते.

इथवरही मी सोसलं. पण माझी बायकोही शिक्षिका आहे आणि तिची बॅच नेमकी मॅडमकडे गेली. संध्याकाळी घरी आली ती मोबाईल पदरानं पुसत, मलाच फोल्डर समजावत. मी म्हटलं, "अगं, हे मी तुला दोन वर्षांपासून सांगून राहिलो."

"तुम्ही सांगता," ती म्हणाली, "त्या शिकवतात."

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे, उशिरा जेवलो.

मग उन्हाळ्यात भोपाळहून एक साहेब आले. आमच्या दोघांपैकी एकाला राज्याच्या प्रशिक्षणासाठी भोपाळला न्यायचं होतं. मी नवा शर्ट घातला. माझं प्रात्यक्षिक आधी झालं. एकही चूक नाही, सगळे बाण वेळेवर आले. साहेब मोबाईल पाहत होते.

मॅडमनी काच पुसली आणि साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. मला तिथंच कळलं, भोपाळ गेलं.

साहेब खुशीत येऊन म्हणाले, "मॅडम, अब किसी से करवाकर दिखाइए," आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बोरगावच्या गेडाम गुरुजींकडे बोट केलं. गुरुजींचे हात कापतात. ते कधीच टॅब्लेटला हात लावत नसत, आणि मॅडमही त्यांना कधी पुढे बोलावत नसत. माझा समज होता, की मॅडमचं लक्ष नाही.

गुरुजी उठले. नाव लिहायचं होतं, फक्त नाव. त्यांनी बोट टेकवलं आणि भिंतीवर हातभर उंचीचे तीन 'ग' उमटले. पुसायला गेले तर आणखी दोन. मागून कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी बोट शर्टाला पुसलं आणि परत ठेवलं. भिंतीवर आता 'ग'ची रांगच लागली होती.

तेवढ्यात मॅडम टेबलाच्या पलीकडून इकडे आल्या आणि भिंत काळी झाली.

"अवो माय! लाईट गेली वाटते," मॅडम म्हणाल्या.

मी कोपऱ्यात उभा होतो. तिथून मॅडमचा पाय दिसत होता, पायाखाली प्रोजेक्टरची ओढली गेलेली वायर दिसत होती. आणि डोक्यावर पंखा फरफर फिरत होता.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: मॅडम, पंखा तर सुरू आहे. एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं. साहेब प्रोजेक्टरवर वाकून बघतच होते.

गुरुजी खाली मान घालून उभे होते. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला. बॅटरीवर तो सुरूच होता. "घाबरू नोका जी," हळूच म्हणाल्या, "आता कोणी नाही पाहून राहिलं."

बटणांचा बोर्ड माझ्या हाताशीच होता. साहेबांनी मान वर करायच्या आत मी पंखा बंद केला.

उकाड्यानं हॉल भाजून निघाला. साहेब घाम पुसत बाहेर गेले आणि जाता जाता मला म्हणाले, "आप ही आइए भोपाल. आपकी तैयारी पक्की थी."

नंतर व्हरांड्यात मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "पंखा काऊन बंद केला जी? जीव गेला ना गर्मीनं."

"तुम्ही वायर काऊन ओढली?"

"पाय लागला," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात संत्रं ठेवलं.

सगळे माझं अभिनंदन करत होते. तेवढ्यात गेडाम गुरुजी बाहेर आले. मी हात पुढे केला. पण ते मला न पाहताच बाजूनं गेले, मॅडमसमोर उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "मॅडम, पूर्ण नाव आलं. आडनावासकट."

भोपाळचं तिकीट माझं होतं. तरी त्या क्षणी मी मॅडमवर जेवढा जळलो, तेवढा आधी कधीच जळलो नव्हतो.