सुधाकरभाऊ आणि लाल अक्षरं

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली की माणसं कपाळाला हात लावतात. आमचे सुधाकरभाऊ खुर्ची पुढे ओढतात आणि समाधानाने म्हणतात, "बोलला बापा."

भंडाऱ्यात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. मी साइटचं रंगरूप बघते, भाऊ कोड लिहितात. लाल अक्षरांना ते कधी भीत नाहीत. भितात ते कोऱ्या पानाला. कोड कुठेतरी अडकलेला असतो, पण चूक दाखवायची सोय बंद असली की पान नुसतं पांढरंफटक येतं. त्या दिवशी भाऊंना चहासुद्धा गोड लागत नाही. "काहीच नाही म्हणून राहिलं हे. म्हणजे लय काही आहे," असं पुटपुटत बसतात.

नव्याने लागलेल्या पल्लवीच्या कोडने एकदा चूक पकडली खरी, पण ती ना पडद्यावर दाखवली, ना कुणाला कळवली. पान दिसायला छान, ऑर्डरी मात्र वाटेतच गडप. भाऊंनी तिला समोर बसवून शांतपणे विचारलं, "बाई, चूक काहून गिळली? पोटात जाऊन तिचं अमृत होते का?" ती रडकुंडीला आली, तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातली वांग्याची भाजी तिच्यापुढे सरकवली. रागवायचं आणि लगेच वाढायचं, ही त्यांची रीतच आहे.

त्यांचा कायदा एकच: "घरच्याले पुरी सांगाची, पाव्हण्याले गोड सांगाची." म्हणजे काम चालू असताना आमच्या पडद्यावर चुकीबद्दलचं सगळं उघडं हवं. साइट लोकांसाठी खुली झाली की ते झाकून ग्राहकाला फक्त दोन समजुतीचे शब्द दिसावेत. हे शब्द भाऊ स्वतः लिहितात, आणि घोटाळा तिथेच होतो. आंधळगावच्या एका कापड दुकानदाराच्या साइटवर फोन नंबरचा रकाना रिकामा सोडला की यायचं, "नंबर टाका नं जी, निस्त्या नावावरून कुठं शोधू तुमाले?" दुकानदार तणतणत जिना चढून आला. पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन, की राहू द्या ते तसंच, लोक मुद्दाम रकाना सोडून वाचतात.

दुपारी डबा उघडला की भाऊ आसगावला वडिलांना फोन लावतात. हात भाजीचे, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात. आई गेल्यापासून बाबा घरात एकटेच. भंडाऱ्याला या म्हणून भाऊंनी नाना परीने विनवलं, पण ते हलत नाहीत. हा फोन अख्ख्या ऑफिसला पाठ आहे. जेवले का? बराबर. झोप येते का? सब बराबर. फोन बंद झाला की भाऊ त्याच्याकडे कोऱ्या पानाकडे बघावं तसे बघत राहतात.

मी एकदा म्हटलं, बरं आहे म्हणतात तर बरंच असेल, उगाच कशाला जीव जाळता. भाऊ घास चावत राहिले. मग म्हणाले, "मायही असीच म्हने. छातीत दुखून राहिलं होतं तिच्या, आन् मले फोनवर सब बराबर. मी घरचा होतो नं जी. मले पाव्हण्यावानी गोड सांगत राहिली."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून तो फोन लागला की मीही कान देऊन ऐकू लागले.

यंदा धान घरात आल्यावरची गोष्ट. भाऊंनी नेहमीसारखं विचारलं, जेवले का. पलीकडून 'बराबर' आलंच नाही. भाऊंचा हात डब्यातच थांबला. मग बाबांचा आवाज आला, "बाबू, भात अजून दोघायचाच रांधून राहिलो. एकट्याचा अंदाजच येत नाही मले. करमत नाही गा."

भाऊंचे डोळे भरून आले. चेहरा मात्र मी रोज बघते तोच, लाल अक्षरं उमटल्यावरचा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि फोनवर वाकले.

"बोल बाबा," ते म्हणाले. "पुरं सांग. मी ऐकून राहिलो."

बाबा पुष्कळ बोलले. आम्ही बाकीचे हळूच बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने भाऊ गाडीची चावी घेऊन आले. मी विचारलं, आसगावला का?

"हो जी," ते म्हणाले. "आज रातच्याले बाबाचा अंदाज चुकनार नाही."