दात पाहून घास

आमच्या शेजारच्या कमलामावशीला कुठल्याही पोराने काही विचारलं, की ती उत्तराआधी एकच म्हणते, "आ कर."

पोरगं जबडा वासतं. मावशी चष्मा वर सारते, बोटाने गाल ओढते आणि दात पाहते. सगळे दुधाचे असले तर एका वाक्यात उत्तर. पुढचे पडले असले तर चार-पाच वाक्यं. मागच्या दाढा आल्या की सगळं खरं, आडपडदा नाही. "दात पाहून घास द्याचा, बाबू. चावल्या गेला पाह्यजे न!"

केळापूरकडच्या एका अंगणवाडीत तिची उभी हयात गेली. आता रिटायर होऊन पांढरकवड्यात आमच्या गल्लीत राहते, एकटी. आईबापांना घाम फुटेल असा प्रश्न आला, की पोट्टं तिच्या ओसरीवर रवाना.

सातवीतल्या राजूने विचारलं, बाळ पोटात जातं कसं? दाढा भरल्या होत्या. मावशीने सांगितलं. सगळं! राजू दोन दिवस आईबापाकडे मान वर करून पाहीना. त्याची आई तणतणत आली, तर ही म्हणते कशी, "दाढा तुह्या पोराच्या, अन् भांडते माह्याशी?"

आमच्या म्हाताऱ्या गुरुजींनी एकदा गंमत केली, "मलाही सांगा की काही." मावशी म्हणाली, "तुमची तं कवळी हाय गुरुजी. तुम्हाले आता वरणभातच."

मी हसायचो. बाई चक्रम आहे, म्हणायचो. मग आबा गेले.

आबा म्हणजे माझे वडील. नागपूरच्या दवाखान्यात वारले. माझी मिनू पहिलीत, आबांशिवाय पान न हलणारी. तिला सांगायचं काय? बायको म्हणाली, "आबा नागपूरलेच राह्यले." मीही मान डोलावली. वाटलं, सुटलो.

कसचं सुटतो! माझं कटलरीचं दुकान, माल आणायला नागपूरला जावंच लागतं. पिशवी घेऊन निघालो तर मिनूने पायांना मिठी मारली. अशी रडली की एसटी हुकली. "बाबा, तिथं गेलेले वापस येत नाई!" पुढच्या वेळी माझी चप्पल पाण्याच्या टाकीत सापडली. मग तर पोरीने शाळाच सोडली. आपल्यामागे बाप निघून गेला तर? दिवसभर दुकानात माझा सदरा धरून बसायची. दुकानातला माल संपत आला, पण खरं सांगतो, मालाचं काही नाही, पोरीचं तोंड बघवेना.

शेवटी हात टेकले आणि तिला मावशीकडे नेलं. मावशीने दात पाहिले. पुढचे खालचे दोन पडलेले. पोरीला मांडीवर घेऊन सरळ म्हणाली, "आबा मेले, मिनू."

मी तिला थांबवायला पुढे झालो, पण त्याआधी मिनूनेच विचारलं,

"मेले म्हंजे?"

"म्हंजे आंग बंद पडलं त्यायचं. श्वास नाई, भूक नाई, दुखणं बी नाई. आता ते येत नाई. लय बिमार होते म्हणून मेले, नागपूरले गेले म्हणून नाई. तुहा बाप जाईन अन् सांजच्याले घरी येईन."

मिनू रडली. पोटभर रडली. मावशी एकदाही 'रडू नको' म्हणाली नाही. मग नाक पुसत पोरगी विचारते, "तुहं कोण मेलं?"

"मिनू!" मी डोळे वटारले. मावशीने हातानेच मला गप्प केलं.

"माही पोरगी. तुह्याएवढीच होती. तापानं गेली."

इतकी वर्षं शेजारी राहून मला याचा पत्ता नव्हता. असता तरी मी विषयच बदलला असता. आपण मोठी माणसं दुसरं काय करतो?

मिनूने विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

साऱ्या गल्लीला उत्तरं देणारी बाई, पण या प्रश्नाला आधी चष्मा काढून पदराने पुसत बसली. "सुमन," ती म्हणाली. "कोणं इचारलंच नाई व. सारे म्हणत, इसरून जाय."

"मंग इसरली तू?"

"नाई व माय."

त्या आठवड्यात मी नागपूरला निघालो. मिनू दारापर्यंत आली. डोळे भरले होते, पण सदरा धरला नाही. मीच बसमध्ये रुमाल काढला. परतताना मनात घोर, पोरगी दारात ताटकळत असेल.

दारात कोणीच नव्हतं. आत, आमच्या पलंगावर कमलामावशी मांडी घालून बसलेली. ही बाई कधी कोणाकडे चहालाही जात नाही! मिनू तिच्या गुडघ्याला टेकून ऐकत होती.

"मिनू, आलो बरं का मी," मी म्हणालो.

"थांब रे जरासा," मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाली. "आमची सुमन आत्ताच जांबाच्या झाडावर चढली हाय."