व्याह्यांना डमी बसवलं

माणसाने निदान ताटावर तरी माणसासारखं बोलावं, एवढीच अंबूबाईंची अपेक्षा होती. पण गेले तीन महिने कृष्णात सुभेदारांपुढे भाकरी धरली की ते "पास" म्हणत. कालवणाची पळी पुढे आली की बोटांवर काहीतरी मोजत, छताकडे बघत, आणि मग "दोन किलवर" म्हणून पुन्हा गप्प. बसल्या जागी पाय हलत, उभे राहिले की येरझाऱ्या, आणि झोपाळ्यावर चार ढिगांत मांडलेल्या पत्त्यांना घरातल्या कुणी हात लावायचा नाही.

"आवं, भाकरी पायजेल का नगं?"

"अगं, पास म्हटलं की नगं."

"मग नगं म्हणायला जीभ झिजती व्हय?"

सुभेदार फौजेत अठ्ठावीस वर्षं होते. त्यातली काही वर्षं त्यांच्याकडे साहेबलोकांच्या मेसची व्यवस्था होती. हातात ट्रे घेऊन साहेबांच्या खुर्चीमागे उभ्याउभ्या ते ब्रिज शिकले. खुर्चीमागे उभं राहून शिकलेला खेळ एकदा खुर्चीवर बसून खेळायचा, ही त्यांची जुनी इच्छा. ती पुरी व्हायचा योग साताऱ्याच्या एका क्लबाने आणला होता. जोड्यांची स्पर्धा, दोन रविवार, दोन फेऱ्या. जोडीदार म्हणून सुभेदारांनी धरले आपले व्याही, सूनबाई शिवांजलीचे वडील, सांगलीचे नानासो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, शब्दाला फार जपणारा माणूस.

उंब्रजजवळच्या मळ्यातल्या त्या घरात मग रोज सकाळी पाठांतर चाले. "एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. बारा भरल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." अंबूबाईंची शाळा तिसरीत सुटली होती, पण कानावर पडलेलं त्या विसरत नसत. हा नियम तर त्यांना फारच पटला.

"नियम बेस हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी पाळत न्हाई. तुमी नवावरच तोंड उघडता."

ते खरंच होतं. हातात नऊ गुण आले तरी सुभेदारांना धीर निघत नसे. पहिल्या उतारीचंही तेच. पुस्तक म्हणे, आपल्याकडे जास्त पानं असलेल्या रंगातलं वरून चौथं पान उतरावं. सुभेदार पहिल्याच झटक्याला एक्का टाकत. तोफ असताना बंदूक कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रविवारी दोघे व्याही साताऱ्याला जाऊन आले आणि संध्याकाळी सुभेदारांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत सुभेदार मिशीसकट पुढे झुकून पान टाकताहेत. समोर नानासो. त्यांचे पत्ते टेबलावर उघडे पसरलेले, दोन्ही हात मांडीवर, नजर वर फिरणाऱ्या पंख्याकडे. दोन मिनिटांत सांगलीहून फोन आला. नानासोंच्या बनाबाई होत्या.

"विहीणबाई, आमच्या माणसानं काय गुन्हा केला?"

"का वो? काय झालं?"

"समदी खेळत्यात आन ह्यांचं पत्तं काडून घेऊन ह्यांस्नी मोकळं बसवलंय. म्या इचारलं तर म्हणत्यात, डमी हुतो. किती डाव, तर नऊ डाव. सोळातलं नऊ डाव आमचा माणूस बुजगावणं करून बसवला."

अंबूबाईंनी फोन हातात तसाच धरून नवऱ्याकडे बघितलं. सुभेदारांनी समजावायचा प्रयत्न केला. ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. बोली त्यांनी जिंकली, की हुकमाचा रंग त्यांच्यातल्या ज्याने आधी उच्चारला त्याने खेळायचं, आणि दुसऱ्याने आपली पानं उघडी मांडून गप्प बसायचं. तोच डमी. त्यात अपमान नसतो.

"मग तुमी किती डाव बसला?" अंबूबाईंनी विचारलं.

सुभेदार पायाने झोपाळा हलवत राहिले.

"सांगा की."

"येक."

फोनवर बनाबाईंनी ते ऐकलं. "पोरीचं डोहाळजेवण थाटात करा," त्या म्हणाल्या. "साडी पाठवून दीन. आमी कशाला? तिथं बी मोकळंच बसायचं असंल." आणि फोन ठेवला.

अंबूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. डोहाळजेवण दुसऱ्या फेरीनंतरच्या गुरुवारी होतं. दीडशे बायकांना आवतण गेलं होतं. माहेरची हिरवी साडी विहीणबाई स्वतःच्या हाताने लेकीच्या अंगावर घालणार, हे अंबूबाईंनी विहिरीपासून डेअरीपर्यंत स्वतःच सांगून ठेवलं होतं. आता साडी पार्सलने आली, तर दीडशे तोंडं जेवण संपायच्या आत प्रश्न विचारणार होती. शिवांजली तर ऐकल्यापासून दाराआड डोळे पुसत होती.

"आत्याबाई, आई लय हट्टी हाय. न्हाई म्हटलं की न्हाईच."

"हट्टीपणा मला नगं सांगूस," अंबूबाई म्हणाल्या. "तू खा आन झोप."

मग त्यांनी सुभेदारांना समोर उभं केलं. "येत्या रयवारी व्याह्यांस्नीच खेळू द्यायचं. तुमी बसायचं पंख्याकडं बगत. कळलं? आन म्या येनार बघायला."

"अगं, असं ठरवून खेळता येत न्हाई. पानं कशी येत्यात त्याच्यावर..."

"पानं तुमच्याकडं येऊ द्यात न्हाईतर पाटलाकडं. तोंड बंद ठेवायचं."

रविवारी क्लबाच्या हॉलमध्ये अकरा टेबलं मांडली होती. बघ्यांनी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही, असं पंच बाईंनी सुरुवातीलाच बजावलं. अंबूबाई खुर्चीवर टेकल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बघतात तो बनाबाई. मांडीवर भलीमोठी पिशवी.

"तुमी हितं?"

"बघाया आले. कसं बसवत्यात ते."

पंच बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. दोघी विहिणी शेजारीशेजारी, पण एकमेकींकडे न बघता बसल्या. गप्प बसायची सवय दोघींनाही नव्हती. अंबूबाई पदराचं टोक पिळत होत्या, बनाबाई पिशवीचा बंद गुंडाळून सोडत होत्या.

पहिला डाव वाटला. सुभेदारांनी पानं उघडली आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली अंबूबाईंना लांबून दिसली. हातात मोठी पानं आली होती, हे त्या मानेवरूनच ओळखत. सुभेदारांनी बायकोकडे चोरून बघितलं आणि म्हणाले, "पास."

नानासोंनी आपल्या बायकोकडे चोरून बघितलं आणि तेही म्हणाले, "पास."

विरुद्ध बाजूला साताऱ्यातले एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी होत्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. तेही पास. चौघांची पानं न खेळताच परत गेली. दुसऱ्या डावाला तेच. तिसऱ्या डावाला डॉक्टरीणबाईंनी भीतभीत "एक किलवर" म्हटलं, आणि दोघे व्याही इतक्या घाईने पास झाले की त्या दचकल्या. एका किलवरावर त्या दहा हात घेऊन गेल्या.

चौथ्या डावात तर कळस झाला. डॉक्टरांनी बोली जिंकली, म्हणजे पहिलं पान उतरायचं त्यांच्या डाव्या हाताला बसलेल्या नानासोंनी. नानासोंनी हातातलं पान धरलं, थबकले आणि मान लववून म्हणाले, "व्याही, पयला मान तुमचा."

"छे छे, तुमी टाका."

"तसं कसं? पोराची बाजू तुमची. तुमी आधी."

"म्हनून काय झालं? पावनं तुमी."

"आमी लेकीकडचं. आमी मागनं."

डॉक्टर घड्याळ बघायला लागले. सुभेदारांना भिंतीकडच्या दोन्ही नजरा पाठीत टोचत होत्या. शेवटी पेच सोडवायचा म्हणून त्यांनीच एक पान टेबलावर ठेवलं. अर्थात एक्का. पंच बाई ताडताड आल्या. पाळी नसताना उतारी केली म्हणून तो एक्का तिथेच उघडा ठेवायला लावला, आणि पुढचा सगळा डाव तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सुभेदारांची लाज काढत पडून राहिला.

चहाची सुट्टी झाली तसं अंबूबाईंचं तोंड सुटलं. "ह्यांस्नी म्या बजावलं हुतं, व्याह्यांस्नी खेळू द्या."

बनाबाईंचा कप हातातच राहिला. "आन म्या ह्यांस्नी बजावलं हुतं, तुमी गप बसा, सुभेदारांस्नीच खेळू द्या. म्हटलं, म्या फोनवर बोलून बसले, आता पोरीला सासरी बोलणी नगोत."

"म्या सुनंला बोलनार?" अंबूबाईंच्या नाकपुड्या फुलल्या.

"मला काय ठावं? तुमचं तोंड काय लपलंय व्हय?"

अंबूबाईंनी पदर खोचला, तोवर पंच बाई खुर्च्यांच्या रांगेपाशी आल्या. लोणंदच्या एका जोडीला गाडी गाठायची म्हणून ती निघून गेली होती. एक टेबल अडलं होतं. स्पर्धा मैत्रीची होती. बघ्यांत कुणाला पत्ते येत असतील तर त्या जागी बसावं, असं त्यांनी विचारलं.

"मेंढीकोट येतंय," अंबूबाई म्हणाल्या.

"मला बी," बनाबाई लगेच म्हणाल्या, कारण अंबूबाईंना येतं ते आपल्याला येत नाही असं त्यांना कुणी म्हटलेलं चाललं नसतं.

सुभेदार लांबून दोन्ही हातांनी नको नको करत होते. पण गुणांचं पाठांतर तीन महिने उंब्रजला आणि तीन महिने सांगलीला रोज कानावर पडलं होतं, आणि पाठ करणाऱ्यांपेक्षा ऐकणारणींना ते जास्त पाठ झालं होतं.

दोघी विहिणी एका बाजूच्या म्हणून समोरासमोर बसल्या, आणि अंबूबाईंना पहिल्याच डावात तेरा गुण आले. बारा भरल्यावरच त्यांनी तोंड उघडलं. "एक इस्पिक."

"दोन बदाम," बनाबाई.

अंबूबाईंनी मान वर केली. आपण इस्पिक म्हटल्यावर ही बाई दुसरं काही म्हणते? "तीन इस्पिक."

"चार बदाम." बनाबाईंची पापणी लवली नाही. मानपान नाही, आधी तुम्ही नाही, काही नाही.

शेजारच्या टेबलावर दोघे व्याही हातातली पानं विसरून बघत बसले. अंबूबाईंनी हातातली पानं पुन्हा बघितली. बदामाचा राजा होता, सोबत दोन बदाम होते. विहीण काही उगाच बोलत नव्हती. पानं मिटवून त्या म्हणाल्या, "पास." आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्यांनी वापरला होता, आणि तोही बनाबाईंपुढे.

पलीकडच्या गृहस्थांनी पान उतरलं. अंबूबाईंनी आपली पानं उघडी मांडली आणि सवयीने सांगायला तोंड उघडलं, तोच पंच बाई शेजारी येऊन वाकल्या. "ताई, तुमचं काम झालं. आता बोलायचं नाही, ठरवायचं नाही. त्या सांगतील ते पान सरकवायचं, बाकी निवांत बसायचं."

अंबूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बाई चेष्टा करत नव्हती. वर पंखा फिरत होता. त्याचं वारं चांगलं लागत होतं. कुणीतरी आणून ठेवलेला चहा अजून गरम होता. काय शिजलं, काय उरलं, गुरांना कुणी पाणी दाखवलं, यातलं काहीच या घडीला त्यांना विचारलं जाणार नव्हतं. समोर बनाबाई कपाळाला आठ्या घालून एकट्याच झुंजत होत्या. चार बदामांना लागतात तेवढे बरोबर दहा हात घेऊन त्यांनी शेवटचं पान आपटलं आणि मग जरा चाचरत विचारलं, "विहीणबाई, बसवलं म्हनून राग न्हाई न्हवं?"

"राग?" अंबूबाईंनी चहाचा घोट घेतला. "पुना बसवा."

संध्याकाळी बावीस जोड्यांचा निकाल लागला. विहिणी एकविसाव्या आल्या. बाविसावे कोण, हे पंच बाईंनी सभ्यपणे हळू आवाजात वाचलं. नानासो म्हणाले, "व्याही, तुमच्यामुळं न्हाई," आणि सुभेदार म्हणाले, "तुमच्यामुळं बी न्हाई," आणि तेवढ्यावरून ते पुन्हा आधी तुम्ही करायच्या बेतात होते.

जिन्यापाशी बनाबाईंनी पिशवी उघडून दाखवली. आत हिरवी साडी होती, जरीच्या काठाची. इथेच विहिणीच्या हातात टेकवून सांगलीची गाडी धरायची, असा त्यांचा बेत होता. अंबूबाईंनी काठावरून हात फिरवला. बनाबाईंनी पिशवीचा बंद पुन्हा आवळला. "ही म्या बेस्तरवारी सोता घिऊन यीन. सकाळच्यालाच."

घरी पोचेपर्यंत सुभेदारांची चुळबुळ पुन्हा सुरू झाली. विहिणीचा रुसवा सुटला होता, पण डोहाळजेवणाचं काम उभं होतं. अंबूबाई मात्र अंगणातल्या खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. दोन्ही हात मांडीवर, नजर वर.

"अगं, च्या टाकती न्हवं?" सुभेदार समोरून तिसऱ्यांदा गेले. "आन बेस्तरवारचं आचाऱ्याचं काय? मांडववाला फोन करतोय. दीडशे मानसं हायती. पयलं काय करायचं, सांग तरी."

अंबूबाई शांतपणे म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्सं ह्या घरात म्या येकटीच खेळले, आन तुमी येरझाऱ्या घातल्या. डमी म्हंजी काय ते आज मला कळलं, आन त्यो अपमान न्हाई, लय मोठा मान हाय. बेस्तरवारपत्तुर त्यो मान माजा. माजी पानं ही बगा, समदी उघडी पडल्याती: च्याची भुकटी डब्यात, आचाऱ्याचा लंबर कॅलेंडरवर, सून आत. आता खेळा तुमी. आन पयलं पान कंचं टाकायचं ते मला इचारायचं न्हाई."