क्यूआरवाली धवलारीण

चैत्रातला रविवार. खर्च शून्य रुपये, कारण सॉफ्टवेअर फुकटातलं. उपस्थित: मी, माझी बायको आणि माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावणाऱ्या भानूमावशी.

"अहो, कीबोर्डमध्ये जाईल!" मी ओरडलो.

"जाऊ दे. सर्टिफिकीट आतच बनतं ना? मंग आतच लागाला पायजे."

भानूमावशी मूळच्या सारसोळ्याच्या. मुलाने नेरुळला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतल्यापासून आमच्या शेजारी. त्या धवलारीण, म्हणजे आगरी-कोळी लग्नांत विधी चालवत धवले गाणाऱ्या. आयुष्य मांडवात गेल्यामुळे त्या प्रत्येक पुरुषाला नवरदेव म्हणतात. वॉचमन नवरदेव, गॅसवाला नवरदेव. मी बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, मीही नवरदेवच. सोसायटीच्या सभेत त्यांनी अध्यक्षांना "नवरदेवा, पान्याची टाकी कवा धुनार?" असं विचारलं, तेव्हापासून टाकी वेळेवर धुतली जाते.

त्या रविवारच्या दोनेक महिने आधी सानपाड्याच्या एका हॉलवर मॅनेजरने त्यांना दारातच अडवलं होतं. "आजी, आमच्याकडे सर्टिफाइड आर्टिस्टच चालतात. हळदीला डीजे लावलाय." मावशी भांडल्या नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या.

"नवरदेवा, सर्टिफिकीट कुठं मिलतं?"

"कोर्स केला की मिळतं."

"मंग कोर्स काढू."

आणि काढला! रोज दुपारी ऑनलाइन. सारसोळ्यापासून बेलापूरपर्यंतच्या सत्तावीस बायका यायला लागल्या. परीक्षेचा नियम एकच: शेजारी मिक्सर चालू ठेवून अख्खा धवला म्हणायचा. आवाज मिक्सरच्या वर गेला तर पास. "जी मिक्सराला भिते, ती डीजेला काय गप करनार?" तेवीस जणी पास झाल्या. उरलेल्या चौघींना मावशींनी सुनावलं, "आधी भाकऱ्या खा, मंग या."

प्रमाणपत्रांचं काम माझ्याकडे आलं. एकदा नमुना बनवायचा, नावांची यादी जोडायची, बटण दाबायचं. प्रत्येकीचं प्रमाणपत्र आपोआप तयार, त्यावर खरं-खोटं तपासायला क्यूआर कोड. कुंकू पुसून मी बटण दाबलं आणि ऐटीत पहिलं प्रमाणपत्र उघडलं.

"चि. आर्यन, सातवी ब, यांनी हळदीचे धवले उत्तम श्रेणीत पूर्ण केले आहेत."

दुसरं होतं 'पप्पा ऑफिस' यांचं. तिसरं, 'फ्लॅट भाड्याने मिळेल'.

झालं होतं असं, की बायका घरात सापडेल त्या फोनवरून वर्गाला यायच्या आणि मी नावं मीटिंगच्या हजेरीतून जशीच्या तशी उचलली होती. माझी बायको हसून हसून खाली बसली. मावशीही हसल्या, मग एकदम थांबल्या.

"नवरीचं नाव चुकवून हलद लावशील काय, नवरदेवा? पुसून टाक सगलं."

त्यांनी तेवीस फोन केले. "आर्यनची आय नको सांगू गं मंदे! तुज्या आयबापानं काय ठेवलंय ते सांग." मी टाइप करत होतो. संध्याकाळी पुन्हा बटण दाबलं. तेवीसच्या तेवीस बरोबर.

वैशाखात त्याच हॉलवर सारसोळ्याच्या एका मुलीची हळद होती. मावशींनी मलाही बरोबर नेलं. धवले म्हणायला मंदा उभी. तोच मॅनेजर. मंदाने फोन पुढे केला. त्याने कोड स्कॅन केला. हिरवी खूण आली, खाली मंदाचं पूर्ण नाव. त्याने दोनदा वाचलं आणि डीजेकडे वळून हात वर केला. डीजे बंद! सारसोळ्याच्या बायकांनी अशी आरोळी ठोकली, की पार्किंगमधले लोक आत आले.

मॅनेजर मावशींकडे वळला. आता आवाज मऊ. "आजी, तुमचा क्यूआर?"

"माजा नाय." त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत टेकल्या.

"मी बनवून देतो की, मावशी. दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो.

"नको. माजी परीक्षा घेनाऱ्या सगल्या गेल्या. आता माजं चुकलं तरी सांगनारी कोन नाय रं."

मी बाहेर काढलेला फोन परत खिशात ठेवला.

मंदाने सूर लावला. मिक्सरवर घासलेला आवाज, माइक नको की काही नको. मावशी जागेवरून हळूच तिच्याबरोबर म्हणत होत्या. एका ओळीला दोघींचे शब्द वेगळे आले. मंदाने हळद लावता लावता मागे पाहिलं, मान हलवली आणि ती ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, थेट मावशींकडे बघत.

मावशी ताडकन उभ्या राहिल्या. माझा दंड इतका आवळला, की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता.

"चुकलं माजं! बगितलंस? माजी वल चुकली, आनि तिनं पकरली!"

असा आनंद मी पहिल्या नंबराने पास झालेल्यांच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

हळद संपल्यावर नवरीची आई मानाची साडी आणि नारळ घेऊन सवयीने मावशींकडेच आली. मावशींनी तिला दंडाला धरून मंदाकडे वळवलं. मग स्वतःच्या कमरेची पिशवी सोडली.

साडी आणि नारळ मंदाला मिळाले, नवरीच्या आईकडून. आणि एकशे एक रुपये तिलाच, भानूमावशींकडून, परीक्षेची फी म्हणून.